लेणी भेटीचा टी-शर्ट कोणी शिवला? ट्रेकच्या कपड्यांमागची साखळी समजून घेताना

आषाढात नाणेघाटाच्या रस्त्याला गेलात तर दोन प्रकारची माणसे पावसात दिसतात. एक, पुण्या-मुंबईहून आलेले ट्रेकर. अंगात रंगीत जॅकेट, पायात जाड तळव्याचे बूट, पाठीवरच्या सॅकलासुद्धा वेगळे कव्हर. दुसऱ्या, रस्त्याकडेच्या खाचरात वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाया. त्यांच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली प्लास्टिकच्या कागदाची खोळ असते. पाऊस एकच, पण त्यापासून वाचण्याचे साधन वेगळे.

२०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केले. २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. भीमाशंकरला वर्षभर गर्दी असते. आपल्या चळवळीतील तरुणही आता मोठ्या संख्येने लेण्यांवर जातात, साफसफाई करतात, शिलालेख समजून घेतात. म्हणजे डोंगरात घालायच्या कपड्यांचा बाजार आपल्या दारात आलेला आहे आणि आपणही त्याचे गिऱ्हाईक आहोत.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने जुन्नरजवळच्या तुळजा लेणीला जायचे ठरवले. चाळीस मुले-मुली होती. सगळ्यांना एकसारखा टी-शर्ट आणि पावसाळी जॅकेट घ्यायची कल्पना निघाली. एक जण दर काढून आला. टी-शर्ट छपाईसह १३० रुपये, जॅकेट ४५० रुपये. सगळे खूश. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, माझी मामेबहीण गारमेंट युनिटात आहे. तासाला किती कॉलर लावायच्या ते ठरलेलं असतं. सारखं उठायला लागू नये म्हणून ती पाणीसुद्धा कमी पिते. या एकशे तीसमध्ये तिला किती मिळत असतील?"

बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. ते शोधताना जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

कपडा बनतो कशाचा?

ट्रेकच्या दुकानात मिळणारा बहुतेक माल पॉलिस्टर किंवा नायलॉनचा असतो. हे दोन्ही खनिज तेलापासून बनतात. त्याला कारणही आहे. सुती कपडा पावसात भिजला की जड होतो, लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गार पडते. पॉलिस्टर लवकर वाळते, वजनाला हलके असते. त्यामुळे "सगळे सुतीच घाला" असा सल्ला देऊन हा प्रश्न सुटत नाही.

पण पॉलिस्टरचीही किंमत आहे. धुताना त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात एका कपड्यातून एका धुण्यात १९०० हून जास्त तंतू निघू शकतात असे दिसले. आययूसीएन या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपाने पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कण कृत्रिम कपडे धुण्यातून येतात. थंडीत घालतो ते फ्लीसचे मऊ जॅकेट यात पुढे असते. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये जुन्या प्लास्टिक बाटल्यांपासून फ्लीस बनवायला सुरुवात केली, आणि आज "बाटल्यांपासून बनवलेला टी-शर्ट" आपल्याकडेही विकला जातो. त्यात नवे तेल कमी लागते हे खरे. तरी धुताना तंतू त्यातूनही सुटतातच.

दुसरी गोष्ट पाणी अडवणाऱ्या थराची. जॅकेटवर पडलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, तो अनेक वर्षे पीफास या गटातील रसायनांमुळे घरंगळत होता. यात कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो की ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. पाण्यात, मातीत, शेवटी माणसाच्या रक्तात साठतात. ग्रीनपीसने २०१६ मध्ये जगभरच्या नामांकित ब्रँडची ट्रेकिंगची ४० उत्पादने तपासली. त्यातल्या फक्त ४ मध्ये ही रसायने सापडली नाहीत. निसर्गप्रेमाच्या जाहिराती करणाऱ्या धंद्याची ही अवस्था होती. त्यानंतर दबाव वाढला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५ पासून कपड्यांतील पीफासवर बंधने आणली, फ्रान्सनेही कायदा केला.

हे सगळे लांबचे वाटेल म्हणून महाराष्ट्रातले उदाहरण सांगतो. इटलीतील व्हिचेंझा भागात मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. त्याच्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकवस्तीच्या भागातले पाणी दूषित झाले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीने विकत घेतले आणि ते रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणले. तिथले उत्पादन जॅकेटसाठीच जाते असे आम्ही म्हणत नाही. फ्लोरिनयुक्त रसायने औषधांत आणि कीटकनाशकांतही लागतात. मुद्दा असा की युरोपात नको झालेला धंदा ज्या ठिकाणी हलतो, त्या ठिकाणच्या माणसांना कोणी विचारत नाही. लोटेच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत.

दुकानापासून शेतापर्यंत

आपण कपडा दुकानातून घेतो, पण दुकान हा साखळीतला शेवटचा टप्पा. त्याच्या मागे ब्रँड असतो. ब्रँडकडे बहुतेक वेळा स्वतःचा कारखाना नसतो. तो ऑर्डर देतो. त्या ऑर्डरवर शिवणारा कारखाना, त्याच्या मागे कापडाची गिरणी, रंगाई, सूतगिरणी, आणि सगळ्यात मागे कपाशीचे शेत किंवा तेलाची विहीर. "नैतिक खरेदी" म्हणजे ही पूर्ण साखळी माहीत असणे आणि तिच्यातल्या प्रत्येक टप्प्याची जबाबदारी घेणे. बहुतेक ब्रँड फक्त शिलाईच्या कारखान्यापर्यंतचे बोलतात. त्याच्या मागे काय चालते ते अंधारात राहते.

त्या अंधारात काय आहे? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिरुप्पूरमध्ये, जिथून देशभरात आणि परदेशात टी-शर्ट जातात, रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी इतकी खराब झाली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट तिथे आली, ती शेतकऱ्यांनी दिलेल्या न्यायालयीन लढ्यामुळे.

आता मजुरीकडे येऊ. युरोपातील फेअर वेअर फाउंडेशनने एका उदाहरणात हिशोब मांडला होता. दुकानात २९ युरोला विकल्या जाणाऱ्या टी-शर्टमध्ये तो शिवणाऱ्या कामगाराच्या वाट्याला ०.१८ युरो येतात. टक्क्यांत सांगायचे तर ०.६. उरलेल्यात दुकानाचा आणि ब्रँडचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे कामगाराची मजुरी दुप्पट केली तरी गिऱ्हाइकाला ती जाणवणारही नाही.

मग ती वाढत का नाही? कारण किंमत ठरवण्याची ताकद दुकानाकडे आणि ब्रँडकडे आहे. ब्रँड तीन कारखान्यांकडून दर मागवतो आणि सर्वांत कमी दराच्या कारखान्याला ऑर्डर देतो. डिझाइन उशिरा बदलतो, माल मात्र ठरल्या तारखेलाच हवा असतो. कारखानदार तो ताण खाली ढकलतो. रात्रपाळी, ओव्हरटाइम, तासाचे टार्गेट. शेवटी तो ताण पाणी कमी पिणाऱ्या त्या मामेबहिणीपर्यंत येऊन थांबतो. आम्ही १३० रुपयांच्या दरावर खूश झालो तेव्हा छोट्या प्रमाणात का होईना, आम्हीही तेच करत होतो.

धाग्यातली जात

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांतली मागची पिढी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारात राबली. त्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे. सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. आणि जास्त पगार विणाई खात्यातच होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार नेत्यांसमोर ठेवला. कामगारांच्या एकीच्या गोष्टी करता, मग या खात्याचे दार आमच्या माणसांना का बंद, असा तो सवाल होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना (१९४२ ते १९४६) त्यांनी कामाचे तास, विमा, प्रसूती रजा यांसाठी जे केले त्याची मुळे या अनुभवात आहेत.

कापडातली जात तेव्हाच संपली असे समजू नये. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत "सुमंगली" नावाची पद्धत चालली. गरीब घरातल्या किशोरवयीन मुलींना साधारण तीन वर्षांच्या करारावर आणायचे, वसतिगृहात ठेवायचे, बाहेर जाण्यावर बंधने घालायची आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचे. अनेक मुली मुदत पूर्ण होण्याआधीच आजारी पडून परतत आणि त्या रकमेला मुकत. नेदरलँड्समधील दोन संस्थांनी २०११ मध्ये "कॅप्चर्ड बाय कॉटन" या अहवालात हे मांडले. या मुलींत दलित मुलींचे प्रमाण मोठे होते.

जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगल जिल्ह्यात मोठ्या परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातील एका २० वर्षांच्या दलित कामगार तरुणीचा खून झाला. तिला त्रास देणाऱ्या सुपरवायझरला अटक झाली. कारखान्यात तपासण्या होत होत्या, कागद स्वच्छ होते. तिचा छळ मात्र एकाही कागदावर आला नाही.

पुढे जे घडले ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे असे आहे. दलित महिलांच्या नेतृत्वाखालील तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन (टीटीसीयू) ही संघटना मागे हटली नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिने ईस्टमन एक्स्पोर्ट्स या कारखानदाराशी आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या ब्रँडशी संबंधित करार घडवून आणले. याला दिंडिगल करार म्हणतात. त्यात लैंगिक छळासोबत जातीवरून होणाऱ्या भेदभावाचाही उल्लेख आहे. देखरेख बाहेरून येणाऱ्या साहेबाने करायची नाही, कामगारांमधूनच निवडलेल्या बायकांनी करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारखान्याने करार मोडला तर ब्रँडने ऑर्डरच्या रूपाने त्याचे परिणाम घडवायचे, अशी कायदेशीर बांधिलकी. ब्रँडच्या ज्या ताकदीने मजुरी खाली ढकलली जाते, तीच ताकद इथे कामगाराच्या बाजूने वळवली गेली.

लेबलवर किती विश्वास ठेवायचा?

आता दुकानात गेलात की हिरवी पाने काढलेली लेबले दिसतात. सस्टेनेबल, ऑरगॅनिक, रिसायकल्ड, रिस्पॉन्सिबल डाऊन. सगळी खोटी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पंखांच्या उबदार जॅकेटसाठी जिवंत पक्ष्यांची पिसे उपटू नयेत म्हणून २०१४ मध्ये एक मानक आले, त्याने काही तरी फरक पडला. पण लेबल म्हणजे पुरावा नव्हे.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली. २५० हून अधिक कामगार मेले. आग मुद्दाम लावली गेली होती हे पुढे न्यायालयात ठरले, पण बाहेर पडायचे मार्ग बंद होते आणि खिडक्यांना गज होते म्हणून माणसे अडकली. याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी कामाच्या चांगल्या परिस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११०० हून अधिक माणसे गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही आधी तपासणी झालेली होती. २०२० मध्ये जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या संस्थेलाच आढळले की भारतातून सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला.

चांगल्यातल्या चांगल्या ब्रँडचेही तसेच. पॅटागोनियाने २०११ मध्ये वर्तमानपत्रात स्वतःच्याच जॅकेटची जाहिरात "हे जॅकेट विकत घेऊ नका" अशी दिली होती. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या तपासणीत दिसले की तैवानमधल्या त्यांच्या कापड गिरण्यांत परदेशातून आलेले मजूर काम मिळवण्यासाठी दलालांना मोठ्या रकमा देऊन कर्जात अडकले आहेत. कंपनीने ते जाहीर केले आणि नियम बदलले, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र यातून एक गोष्ट दिसते. मालकाच्या मनातली सदिच्छा साखळीच्या खालच्या टोकापर्यंत आपोआप पोहोचत नाही. राणा प्लाझानंतर बांगलादेशात इमारती खरोखर दुरुस्त होऊ लागल्या, त्या मे २०१३ मध्ये कामगार संघटनांनी ब्रँडशी केलेल्या बंधनकारक करारामुळे. दिंडिगलमध्येही तेच. म्हणून कोणत्याही लेबलला आम्ही एकच प्रश्न लावतो: जिने हे शिवले तिला तोंड उघडता येते का, आणि उघडले तर तिची नोकरी टिकते का?

चीवराचा हिशोब

उन्हापावसात चालणाऱ्या माणसाचा कपडा कसा असावा, तो कुठून यावा, याचा विचार आपल्या परंपरेत फार आधी झाला आहे. विनयात एक प्रसंग आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे भिक्खू काय करणार, धंदा मांडणार की काय, असे राजाला वाटले. त्याने विचारले. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींची गाद्यांची आवरणे, त्यांची पुढे बसकरे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी. आणि फडकीही विरली की कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले. आज ज्याला "सर्क्युलर" व्यवस्था म्हणून परिषदा भरतात, ती हीच.

दुसरा प्रसंग रेशमाचा. काही भिक्खू रेशीम बनवणाऱ्यांकडे जाऊन अंथरुणासाठी रेशीम मागू लागले. त्यासाठी किती जीव उकळून मारावे लागतात यावर लोकांत कुजबुज झाली. त्यावरून रेशीम मिसळलेले अंथरूण न करण्याचा नियम झाला. वस्तू हातात येण्याआधी तिच्यासाठी काय घडले, याची जबाबदारी घेणाऱ्यावरही आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

तिसरे उदाहरण दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. नहपानाच्याच अयम नावाच्या अमात्याचा लेख आपल्या जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे, म्हणजे काळ आणि राजवट एकच. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशोब अगदी बरोबर बसतो. मूळ रक्कम परत काढायची नाही, असेही लिहिले आहे. राजजावयाच्या या दानाचे गोडवे गायची गरज नाही. त्याने लढाया केल्या, लोकांना जिंकले. पण व्यवस्था पाहा. चीवराचा पैसा विणकरांच्या संघटित श्रेणीकडे भांडवल म्हणून राहत होता आणि त्याचा दर सर्वांना दिसेल असा भिंतीवर लिहिला होता. जुन्नरच्या शिलालेखांतही धान्य व्यापाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी भेटते. आजच्या टी-शर्टच्या लेबलवर कारखान्याचे नावसुद्धा नसते.

आपल्याच डोंगरातले साहित्य

डोंगरातल्या पावसासाठी आपल्याकडे दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या होत्या. इरले आणि घोंगडी. इरले बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे, वाकून आवणी करताना पाठ झाकणारे. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ती पाऊस झेलते, भिजली तरी ऊब सोडत नाही आणि फाटली तर मातीत मिसळते. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे आपल्या तालुक्यांतून जातात. त्यांना विचारा, कातरलेल्या लोकरीला आज काय भाव आहे. स्वस्त ॲक्रिलिक ब्लँकेटांनी घोंगडीचा बाजार खाल्ला आणि कातरणीचा खर्चही निघेना. इकडे मेंढपाळाची लोकर पडून राहते आणि तिकडे परदेशी मेरिनो लोकरीचा टी-शर्ट काही हजारांना विकला जातो.

दुसरी वस्तू हिरडा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचा तो रोकड आधार आहे. हिरड्यात टॅनिन असते. सुती कापडाला नैसर्गिक रंग पक्का बसावा म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. कलमकारीत हिरडा लागतोच, चामडे कमावायलाही लागतो. म्हणजे शहरात "नॅचरल डाय" म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या कपड्याची साखळी आपल्या डोंगरातल्या आदिवासी बाईच्या टोपलीपर्यंत येऊ शकते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात इथल्या हिरड्याची मोठी हानी झाली. भरपाईसाठी आदिवासींना किसान सभेच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. कपडा पर्यावरणपूरक आहे, पण हिरडा वेचणारीला भाव मिळत नाही, अशा कपड्याला नैतिक म्हणायचे का?

आपण काय करू शकतो?

एकट्याने खरेदी बदलून जग बदलत नाही, हे चळवळीतल्या माणसाला सांगायला नको. पण संघटित खरेदी ही ताकद आहे. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लेणी भेटी, शिबिरे मिळून आपण वर्षाला किती टी-शर्ट छापतो याची एका तालुक्यापुरती बेरीज करून पाहा. म्हणून काही सूचना.

पहिली, नवे घेण्याआधी आहे ते वापरा. जॅकेटची चेन बिघडली म्हणून जॅकेट टाकू नका. चेन गावातला शिंपी बदलून देतो. शिवणीतून पाणी येत असेल तर आतून पट्टी लावता येते. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू चाळीस जणांनी चाळीस घेण्यापेक्षा विहारात पंधरा रेनकोटची एक पेटी ठेवा. नोंदवहीत लिहून न्या, वाळवून परत आणा.

दुसरी, दर विचारताना आणखी तीन प्रश्न विचारा. कापड कुठले? शिवले कुठे? शिवणाऱ्याला नगामागे किती मिळाले? बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही. तरी विचारा. मोठ्या ब्रँडच्या बाबतीत "ओपन सप्लाय हब" या खुल्या संकेतस्थळावर कारखान्यांची नावे शोधता येतात. पावसाळी जॅकेट घेताना पीफास नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा.

तिसरी, आपल्या बचत गटांकडून शिवून घेणार असाल तर हिशोब आधी मांडा. समजा, एक बाई दिवसाला १२ टी-शर्ट शिवते आणि तिला दिवसाचे ६०० रुपये पडावेत असे आपण ठरवले. म्हणजे नुसती शिलाई ५० रुपये. त्यावर कापड, धागा, छपाई, वाहतूक. मग टी-शर्ट १३० रुपयांत बसेल का, ते स्वतःच ठरवा. "आपल्याच बायका आहेत, समजून घेतील" असे म्हणून दर पाडणे हेही शोषणच.

चौथी, कपड्यावर थांबू नका. आपल्या परिसरात गारमेंट युनिट असेल तर तिथल्या बायकांशी बोला. त्यांना पगाराची पावती मिळते का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का? समाजकार्य आणि कायदा शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी हे खरे काम आहे.

आमच्या गटाचे काय झाले तेही सांगतो. १३० रुपयांचा टी-शर्ट रद्द झाला. छपाईवाल्याला आम्ही तीनदा विचारले, माल कोणी शिवला हे त्यालाही माहीत नव्हते. ज्यांच्याकडे मागच्या जयंतीचा टी-शर्ट होता त्यांनी तोच घातला. उरलेल्या अठरा जणांसाठी ओळखीच्या दोन शिलाईकाम करणाऱ्या ताईंकडून सुती टी-शर्ट शिवून घेतले. छपाईसह २४० रुपये पडले. काही मुलांना ते परवडणारे नव्हते, म्हणून वर्गणी काढली. सुती असल्यामुळे लेणीवर पोहोचेपर्यंत सगळे चिंब भिजले, कुडकुडले, आणि त्यावरून आमची थट्टाही झाली. त्यांचा कापूस कोणत्या शेतातला, सूत कोणत्या गिरणीतले, हे मात्र आम्हाला अजून सापडलेले नाही.

तुळजा लेणीच्या बारा खांबांच्या गोल चैत्यात बसून त्या दिवशी पोरे टी-शर्ट पिळत होती. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शिलाईवाल्या ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चाळीस जणांनी एकदम "जय भीम" घातला. ताई म्हणाल्या, "भिजलात ना? पुढच्या वेळी मला आधी सांगा, लवकर वाळणारं कापड बघू आपण."

या वर्षी त्या कापडाचा शोध चालू आहे. तुमच्या तालुक्यात कोणी असे काम करत असेल, कोणाला चांगले कापड आणि त्याची खरी साखळी माहीत असेल, तर जरूर कळवा. एकत्र ऑर्डर देऊ.